परसातली शाळा : फरशीवरचा वाफा

गांडुळखताच्या विषयाला या आठवड्यात सुट्टी. ठाण्यातल्या कोपरीहून एका शिक्षिकाबाईंचे पत्र आले आहे आणि त्यातला प्रश्न खताच्या आधी सुटायला हवा. स्टेशनच्या पूर्वेच्या दाटीत शाळा, पटांगण म्हणजे फरशी, नळाला पाणी ठरावीक वेळी. बाई विचारतात, मातीच नाही तिथे बाग कशाची करायची? माझ्या मते जमीन ही नंतरची गोष्ट. आधी लागते ती एका मुलाची एका झाडावरची जबाबदारी, आणि रोज काय दिसले ते लिहायला वही. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलने १८३७ मध्ये ब्लँकेनबुर्गला लहान मुलांसाठी शाळा काढली; त्याच्या बालोद्यानात सामाईक वाफ्यांबरोबर प्रत्येक मुलाचा स्वतःचा छोटा वाफाही असे. सामाईक वाफा सुकला तर कोणाचेच काही जात नाही, स्वतःचा सुकला की कारण शोधावेच लागते. आपल्याकडच्या शाळाबागा बहुधा नुसत्या सामाईक असतात : फाटकाशी क्रोटन, गेरू लावलेल्या विटा आणि 'फुले तोडू नयेत' ही पाटी. शोभेला माझी हरकत नाही, पण मुलाने लांबून बघण्यापलीकडे तिथे करायचे काय? त्यापेक्षा तेलाचा रिकामा डबा घ्यावा, तळाला भोके पाडावीत, कुजलेला पालापाचोळा आणि थोडी माती भरून चवळीचे चार दाणे टाकावेत. एका मुलाचा पावसाळाभराचा अभ्यास एवढ्यात होतो. थोडक्या जागेत मोजूनमापून, नोंदी ठेवून पिकवायचे, हे श्री. अ. दाभोळकरांच्या 'प्रयोग परिवारा'तल्या शेतकऱ्यांनी करून दाखवले आहे.

वेळापत्रकही सोयीचे आहे. शाळा जूनच्या मध्याला उघडते, पाऊसही त्याच सुमारास येतो. भेंडी आणि चवळी दीड-दोन महिन्यांत धरू लागतात, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीच्या बऱ्याच आधी शेंगा हाती येतात. मेथी मात्र जुलैत लावू नये, ठाण्याच्या धारांत ती कुजते. दिवाळीनंतर पेरली तर महिन्याभरात जुडी बांधता येते. मे महिन्यात डबे रिकामे राहिले तर राहू द्यावेत. वर्षभर हिरवे दिसायलाच हवे या हट्टापायी मोठी झाडे लावली जातात आणि उन्हाळी सुट्टीत, पाणी घालायला कोणी नसताना, ती मरतात.

खरा आक्षेप जागेचा नाहीच, तो पालकांचा आहे. गावाकडची माती सुटावी म्हणून शहरात आलो, आता पोराच्या हाती पुन्हा खुरपे देता? हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. गरिबाच्या मुलाला अंगमेहनत आणि श्रीमंताच्या मुलाला संगणक ही वाटणी आपल्याकडे मुरलेली आहे. पण जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे जे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शाळेच्या अभ्यासक्रमात मोडी, बालबोध, हिशेब, इतिहास, भूगोल यांच्या बरोबरीने शेतीचे प्राथमिक ज्ञानही मागितले होते. शेतकऱ्याच्या मुलाला शेतीतच अडकवून ठेवावे, असा त्यांचा हेतू होता असे कोण म्हणेल? हातातली मेहनत समजून घ्यायची असेल तर तिच्यामागचे ज्ञान हवे. म्हणून खुरप्याबरोबर वही असलीच पाहिजे. किती दिवसांनी उगवले, उन्हातला डबा पुढे गेला की सावलीतला, पाने कोणी खाल्ली, हे ज्या वर्गात लिहिले जाते तिथे प्रयोगशाळा नसलेल्या शाळेत विज्ञान चाललेले असते. शिक्षा म्हणून झाडांना पाणी घालायला पाठवत असतील, तर पालकांचेच बरोबर आहे.

शाळेला आवार नाही म्हणून शिक्षण अडू नये, याचा धडा आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात गिरवला गेला. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, पुढे सारे कोसबाडच्या टेकडीवर गेले. पाड्यावरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. मुले गुरांमागे जातात म्हटल्यावर कुरणशाळा काढली. कोपरीला कुरण नाही, पण खाडी आहे. ठाणे खाडीला २०२२ मध्ये महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर दर्जा मिळाला आणि तिच्या काठची तिवरे वर्गातल्या कोणत्याही तक्त्यापेक्षा चांगली शिकवतात. पानावर बोट फिरवा, झाडाने बाहेर टाकलेले मीठ हाताला लागते. चिखलातून वर आलेल्या मुळ्या हवा घ्यायला आल्या आहेत, हे सांगण्याआधी मुलांना तर्क करू द्यावा.

चाळीस मुले खाडीवर न्यायची आणि भरती आली म्हणजे, ही बाईंची पुढची शंका असणार. चिखलात उतरायचेच नाही, कोरड्या काठावरून बघायचे. वेळेसाठी कोळ्यांचा जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या किनाऱ्यावरची पूर्ण भरतीची वेळ साधारण निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास. खाडीच्या टोकाशी, कोपरीला, पाणी त्याहून उशिरा चढते. किती उशिरा, ते चौथीच्या वर्गाने चार-सहा तिथ्यांच्या नोंदी करून काढावे आणि चेंदणी कोळीवाड्यातल्या एखाद्या आजोबांकडून तपासून घ्यावे.