गाळण्यातून निसटणारं विष

शिरपूर जैनच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाची कथा पाण्यापासून सुरू होते. एलिचपूरचा, म्हणजे आजच्या अचलपूरचा, श्रीपाल ऊर्फ एल राजा कुष्ठाने गांजला होता. रानातल्या एका जलाशयाच्या पाण्याने त्याची व्याधी गेली आणि पुढे तिथूनच मूर्ती निघाली, असं सांगतात. या देवाच्या दर्शनाला देशभरातून जी जैन घरं येतात, त्यांतल्या कित्येकांत आजही पाणी गाळून पितात. गाळून झालं की कापड उलटं धरून त्यावर गाळलेलंच पाणी ओततात आणि कापडावर अडकलेले जीव ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत अलगद परत सोडतात. याला जीवाणी म्हणतात. डोळ्यांना धड न दिसणाऱ्या जिवाला त्याच्या घरी पोचवायची ही रीत मला फार मोठी वाटते.

त्या कापडावर असतं तरी कोण? तळ्याविहिरीच्या पाण्यात बहुधा सायक्लॉप्स आणि पाणपिसू हे बारीक जलचर. पाणपिसू एखाददोन मिलिमीटरची, आणि इतकी पारदर्शक की भिंगाखाली तिचं धडधडणारं हृदय सरळ दिसतं. पायांची सतत हालचाल करून ती पाणी गाळते आणि त्यातलं शेवाळ खाते. तिला माशांची पिल्लं खातात. तळ्याचा सगळा संसार तिच्यावर उभा आहे.

आता पानठेल्यासमोर पडलेलं सिगारेटचं एक थोटूक घ्या. मृगाचा पाऊस ते नालीत लोटतो, नाली नाल्याला मिळते. बर्लिनमधल्या संशोधकांनी 2014 मध्ये थोटकं पाण्यात ठेवून मोजमाप केलं. थोटकातून सुटणाऱ्या निकोटिनपैकी निम्मं पहिल्या 27 मिनिटांतच पाण्यात उतरलं होतं. एका थोटकातलं निकोटिन हजार लिटर पाण्याला जलचरांसाठीच्या सुरक्षित पातळीपलीकडे नेऊ शकतं, असा त्यांचा हिशेब आहे. हजार लिटर म्हणजे घराच्या छतावरची एक अख्खी टाकी! त्याआधी, 2011 मध्ये, कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोत दोन जातींच्या माशांवर प्रयोग झाला होता, एक खाऱ्या पाण्यातली, दुसरी गोड्या. लिटरमागे साधारण एक ओढलेलं थोटूक भिजवलेल्या पाण्यात चार दिवसांत निम्मे मासे मेले. न ओढलेल्या नुसत्या फिल्टरचं पाणीही मासे मारू शकलं, फक्त त्याला जास्त फिल्टर लागले.

निकोटिन हे विष मुळात माणसासाठी बनलेलंच नाही. तंबाखूचं झाड निकोटिन मुळांत तयार करतं आणि पानांत पाठवतं, कारण पानं खायला किडे येतात. शेतकऱ्यांना हे जुनं ठाऊक आहे. मावा पडला की तंबाखूचा काढा फवारत. कपाशीच्या बियाण्याला चोळून येणारं इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक निकोटिनच्याच वाटेने काम करतं. एका चेतापेशीचा निरोप पुढे पोचवायला शरीर अॅसिटिलकोलीन नावाचं रसायन वापरतं. ते जिथे जाऊन बसतं, त्या जागेवर निकोटिन जाऊन बसतं आणि खोटा निरोप देतं. निरोप थांबतच नाही, स्नायू आधी थरथरतात, मग लुळे पडतात. नवल असं, की ही निरोपाची यंत्रणा माव्यात आहे, पाणपिसूत आहे, माशात आहे आणि ओढणाऱ्या माणसातही आहे. निकोटिन जिथे बसतं तो रेणू 1970 च्या सुमारास पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पहिल्यांदा वेगळा केला, तो वीज निर्माण करणाऱ्या ईल माशाच्या अवयवातून. म्हणजे आपल्या नसांचं हे गुपित आपल्याला एका माशाने सांगितलं.

फिल्टरचा बोळा कापसाचा वाटतो. तो सेल्युलोज अॅसिटेटचा, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकचा असतो, आणि त्यात बारा हजारांहून अधिक तंतू असतात. त्याचा मूळ माल लाकडाचा लगदा. पण त्याच्या रेणूंवर अॅसिटिलचे गट चढवले की लाकूड कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांना त्यावर पकड मिळत नाही. इटलीत केलेल्या प्रयोगात पाच वर्षांनंतरही हे बोळे पुरते कुजले नव्हते. जाळीदार बोळ्याचं काम धुरातला कचरा धरून ठेवण्याचं, आणि धरलेला तो कचरा पाणी पुन्हा सोडवून घेतं. बिडीला फिल्टर नाही, तेंदूचं पान कुजूनही जातं. तिच्या टोकाशी उरलेल्या तंबाखूतलं निकोटिन मात्र तितक्याच सहज विरघळतं.

शिरपूर ज्या वाशीम जिल्ह्यात आहे, त्याच्या माथ्यावरून पाणी दोन दिशांना जातं. काटेपूर्णा उत्तरेला पूर्णेत, पूर्णा तापीत आणि तापी अरबी समुद्रात. पैनगंगा वर्धेला, तिथून प्राणहिता आणि गोदावरीमार्गे बंगालच्या उपसागरात. इथल्या नाल्यांतून वाहून गेलेल्या तंतूंना दोन्ही समुद्रांची वाट मोकळी आहे.

कापड पाणपिसू अडवतं, विरघळलेलं निकोटिन त्यातून आरपार जातं. जीवाणी करून विहिरीत परत सोडलेला जीव त्याच पाण्यात जगायचा असतो. 1 जुलै 2022 पासून देशात एकदाच वापरायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली. त्या यादीत सिगारेटच्या पाकिटावरचा पातळ प्लास्टिकचा कागद आहे. पाकिटाच्या आत दर सिगारेटला जोडलेला फिल्टर त्या यादीत नाही, आणि तो तिथे यायला हवा.