डब्यातील सत्त्व, बादलीतील बिअर

ब्रिटनमध्ये घरी बिअर तयार करण्यासाठी परवाना घेण्याची सक्ती १८८० साली आली आणि १९६३ सालच्या अंदाजपत्रकात अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ती रद्द केली; तेव्हापासून स्वतःच्या व घरच्यांच्या उपयोगासाठी तेथे कोणीही बिअर करावी, मात्र ती विकू नये, अशी व्यवस्था आहे. या सवलतीमुळे घरगुती बिअरचा छंद इतका पसरला की, १९७०च्या दशकात बूट्ससारख्या औषधविक्रेत्यांच्या दुकानांतही बिअरचे ‘किट’ मिळू लागले. हे किट म्हणजे दाट, काळपट पाकाने भरलेला साधारण पावणेदोन किलोचा पत्र्याचा डबा, झाकणाखाली ठेवलेली यीस्टची पुडी आणि एक सूचनापत्रक एवढाच ऐवज. त्यात पाणी आणि साखर घालून ४० पाइंट, म्हणजे सुमारे २३ लिटर, बिअर तयार होते. अशा बिअरची ख्याती मात्र दीर्घकाळ स्वस्त, पाणचट आणि किंचित आंबूस पेय अशीच राहिली. या बदनामीचे खापर डब्यावर फोडले जाते. पण डब्यातील वस्तू बहुधा चांगली असते, आणि बिघाड होतो तो पुढे बादलीत, जास्तीच्या साखरेने, उष्णतेने आणि घाईने.

डब्यात नेमके काय असते हे कळले की ही गोष्ट स्पष्ट होते. बिअरचे मूळ धान्य जव, ज्याला मराठीत सातू किंवा बार्ली असेही म्हटले जाते. जव भिजवून त्याला मोड आणले जातात आणि मोड फार वाढण्याआधीच ते गरम हवेवर वाळवले जातात. अशा धान्याला माल्ट म्हणतात. नाचणीला मोड आणून, वाळवून तिचे सत्त्व काढणाऱ्या मराठी घरांना ही क्रिया नवी नाही. मोड येताना दाण्यात अमायलेज नावाची विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने, तयार होतात. दळलेले माल्ट सुमारे ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवले की ही विकरे पिष्टाचे रूपांतर साखरेत करतात आणि जो गोड द्रव गाळून मिळतो त्याला वर्ट असे नाव आहे. वर्ट हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांसह उकळला जातो. उकळताना फुलांतील आम्लांची रचना बदलते आणि बिअरला तिचा कडवटपणा मिळतो. किटचा कारखानदार हे सर्व करून, नंतर कमी दाबाखाली पाणी उडवून, उरलेला पाक डब्यात भरतो. म्हणजेच धान्य, तापमान आणि विकरे यांचे जे काम सर्वांत कौशल्याचे, ते डबा उघडण्यापूर्वीच उरकलेले असते.

असा डबा अमेरिकेत दारूबंदीच्या काळातही, म्हणजे १९२० ते १९३३ या वर्षांत, उघडपणे विकला जात असे, कारण कागदोपत्री तो पाव भाजण्याचा जिन्नस होता. हॉप्स घातलेला कडू पाक कोणत्या पावाला शोभतो, या प्रश्नात मात्र फारसे कोणी शिरले नाही. दारूबंदी उठल्यावरही तेथे घरगुती बिअरला मोकळीक मिळाली नव्हती. ती देणाऱ्या विधेयकावर राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ साली स्वाक्षरी केली.

घरी करायचे काम सुरू होते ते स्वच्छतेपासून, आणि पहिल्या खेपेचा बराचसा वेळ त्यातच जातो, हे नवशिक्याला कोणी सांगत नाही. येथे दोन क्रिया वेगळ्या समजून घ्याव्या लागतात: भांड्याला चिकटलेला मळ काढणे ही एक, आणि डोळ्यांना न दिसणारे जंतू मारणे ही दुसरी. पहिली नीट झाली नसेल तर दुसरी निष्फळ ठरते, कारण मळाच्या थराखाली जंतुनाशक पोचत नाही. बादली, झाकण, नळी, तोटी, ढवळण्याचा चमचा, इतकेच काय पण यीस्टची पुडी कापण्याची कात्रीसुद्धा जंतुनाशकात बुडवली जाते. बादली तारेच्या घासणीने घासणे वर्ज्य मानावे, कारण प्लास्टिकवर पडणाऱ्या बारीक ओरखड्यांत जंतूंना कायमचा आसरा मिळतो. घरातील ब्लीच वापरणाऱ्यांनी ते व्हिनेगरमध्ये किंवा अन्य कोणत्याही आम्लात कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. पाण्यातील क्लोरीन हाही बिअरचा शत्रूच असून त्यापासून औषधासारखा वास देणारी संयुगे तयार होतात. पाणी आधी उकळून घेतल्यास क्लोरीन निघून जातो, आणि जेथे पाणीपुरवठ्यात क्लोरामाइन वापरले जाते तेथे सोडियम किंवा पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची गोळी उपयोगी पडते.

मिश्रण करण्याचे काम अर्ध्या तासाचेही नाही. डबा गरम पाण्यात ठेवून पाक पातळ केला जातो, बादलीत काही लिटर उकळत्या पाण्यात तो विरघळवला जातो आणि मग गार पाणी घालून २३ लिटरची खूण गाठली जाते. कळीचा प्रश्न उरतो तो साखरेचा. बहुतेक सूचनापत्रके एक किलो पांढरी साखर घालण्यास सांगतात, कारण त्यामुळे किट स्वस्त दिसते. परंतु साधी साखर यीस्ट पूर्णपणे खाऊन टाकते आणि तिच्यातून मद्यार्काखेरीज काहीच उरत नाही, तर माल्टच्या सत्त्वात यीस्टला न पचणाऱ्या काही शर्करा असतात, ज्यांमुळे बिअरला दाटपणा आणि फेसाला टिकाऊपणा येतो. एक किलो साखरेऐवजी एक किलो कोरडे माल्ट सत्त्व घालणे हा पहिल्या खेपेत करता येण्याजोगा सर्वांत मोठा सुधार आहे, आणि सूचनापत्रक मोडण्याचे धाडस करायचेच असेल तर ते येथे करावे.

बवेरियाच्या १५१६ सालच्या प्रसिद्ध कायद्याने बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी एवढेच घटक मान्य केले होते; त्यात यीस्टचा उल्लेखही नाही. यीस्ट हा एकपेशीय कवक जातीचा सजीव असून किण्वन, म्हणजे साखरेपासून मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड होण्याची क्रिया, तोच घडवून आणतो, हे लुई पाश्चर यांच्या संशोधनातून प्रस्थापित झाले आणि बिअरविषयीचा त्यांचा ग्रंथ १८७६ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल क्रिस्टियन हान्सेन यांनी एकाच पेशीपासून वाढवलेले शुद्ध यीस्ट कारखान्यात वापरात आणले. किटसोबतची पुडी ही त्याच परंपरेतली, पण कित्येकदा गोदामात महिनोन् महिने पडून राहिलेली असते, म्हणून तिच्यावरील तारीख पाहणे, आणि शंका असल्यास नवी पुडी विकत घेणे, इष्ट ठरते. यीस्ट टाकण्यापूर्वी मिश्रण जोराने ढवळून त्यात हवा मिसळली जाते, कारण आपल्या पेशींची आवरणे बांधण्यासाठी यीस्टला सुरुवातीला प्राणवायू लागतो. एकदा किण्वन सुरू झाले की हाच प्राणवायू बिअरला ओल्या पुठ्ठ्यासारखी चव देतो, आणि त्यानंतर बादली ढवळणे किंवा झाकण उघडून डोकावणे हितावह नसते.

तापमानाचा मुद्दा सर्वांत अधिक दुर्लक्षिला जातो. अनेक ब्रिटिश घरांत गरम पाण्याच्या टाकीभोवती कपडे वाळवण्याचे एक उबदार कपाट असते आणि बादली तेथे ठेवण्याचा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या दिला गेला. तो चुकीचा आहे. किण्वनातून स्वतःच उष्णता निर्माण होत असल्यामुळे बादलीतील द्रव खोलीपेक्षा काही अंशांनी गरम असतो, आणि एल, म्हणजे उबेत आंबणाऱ्या बिअरच्या, यीस्टला, जे बहुतेक किटमध्ये असते, १८ ते २० अंशांचा टप्पा मानवतो. पारा २५च्या पुढे गेला की यीस्ट झपाट्याने काम करते, पण त्याबरोबर जड मद्यार्क आणि तीव्र फळांसारखा वास देणारी एस्टर संयुगे तयार होतात. अशी बिअर घशाला जळजळते. डब्यावर लागर असे छापलेले असले तरी आतील यीस्ट अनेकदा एलचेच असते, कारण खऱ्या लागरला १० अंशांच्या आसपासची थंडी कित्येक आठवडे लागते आणि ती सामान्य घरात मिळत नाही.

यीस्ट टाकल्यापासून बहुधा २४ तासांच्या आत पृष्ठभागावर फेसाचा जाड थर येतो, तीन-चार दिवसांत तो ओसरतो आणि नवशिक्याला वाटते की काम झाले. झाकणावर बसवलेल्या एअरलॉकमधून, म्हणजे आतला वायू बाहेर सोडून बाहेरची हवा रोखणाऱ्या पाण्याच्या झडपेतून, येणारे बुडबुडे मोजत बसणे हा अनेकांचा आवडता उद्योग असला तरी तो निरर्थक आहे, कारण झाकण किंचित सैल असेल तर बुडबुडा न येताही किण्वन चालू असते. खरा निवाडा हायड्रोमीटर देतो. द्रवात तरंगणारी ही काचेची नळी द्रवाची घनता पाण्याच्या तुलनेत दाखवते, आरंभी १.०४० असलेला आकडा साखर संपत जाईल तसा १.०१० च्या आसपास उतरतो आणि दोन्ही आकड्यांतील फरकाला १३१ने गुणले की मद्यार्काचे प्रमाण निघते, या उदाहरणात सुमारे ३.९ टक्के. सलग तीन दिवस आकडा हलला नाही तरच किण्वन संपले असे समजावे. त्यानंतरही आठवडाभर थांबल्यास यीस्ट आपणच निर्माण केलेले काही नकोसे पदार्थ, विशेषतः हिरव्या सफरचंदाचा वास देणारे ॲसिटाल्डिहाइड आणि लोण्याचा वास देणारे डायअसेटिल, पुन्हा पचवून टाकते. पत्रकात छापलेल्या पाच-सहा दिवसांच्या मुदतीत हे शक्य होत नाही.

बाटल्या भरताना प्रत्येक लिटरमागे सुमारे सहा ग्रॅम साखर पुन्हा घातली जाते, जेणेकरून बंद बाटलीत थोडे किण्वन होऊन वायू बिअरमध्ये विरघळेल. किण्वन अपुरे असताना बाटल्या भरल्या तर दाब वाढून काचा फुटतात आणि गंभीर इजा होऊ शकते. म्हणून पहिल्या खेपेसाठी शीतपेयांच्या प्लास्टिकच्या बाटल्या उत्तम, कारण त्या दाबून पाहिल्या की आतला दाब कळतो. काच वापरायचीच तर ती जाड आणि तपकिरी असावी, कारण हॉप्समधील संयुगांवर प्रकाश पडला की दुर्गंधी निर्माण होते.

घरी केलेल्या दारूविषयी मराठी वाचकाच्या मनात असणारी धास्ती वेगळ्या ठिकाणची आहे. २०१५ साली मुंबईतील मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले ते मिथेनॉलमुळे. जवाच्या साध्या किण्वनात मिथेनॉल घातक प्रमाणात होत नाही, आणि बिघडलेली बिअर आंबट लागली तरी तिच्यातील आम्लता, हॉप्स व मद्यार्क यांमुळे रोगकारक जंतू त्यात सहसा तग धरत नाहीत. कायद्याची बाजू मात्र याहून कडक आहे: महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्यावाचून मद्य तयार करणे हा गुन्हा असून त्याला घरगुती उपयोगाची सबब चालत नाही. ब्रिटन, अमेरिका किंवा ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा छंद खुला आहे. तेथे पहिले किट घेणाऱ्याने महागडी बादली किंवा चकचकीत तोटी घेण्याऐवजी एक तापमापी, एक हायड्रोमीटर आणि एक किलो माल्ट सत्त्व एवढेच जास्तीचे घ्यावे आणि पहिली बाटली सहा आठवड्यांपूर्वी उघडू नये.