सेर यांचा प्रश्न आणि शेषाद्री यांची सिद्धता

‘असे आहे काय?’ हा प्रश्न होय. ‘असे असावे’ हे अनुमान होय. पहिले वाक्य बाजू घेत नाही, दुसरे घेते. हा भेद गणितज्ञही विसरतात, याचे एक उदाहरण आपल्या मुंबईशी निगडित आहे.

क्षेत्रातील सहगुणक असलेल्या बहुपदींच्या वलयावर मुक्त नसलेली सान्तजनित प्रक्षेपी मॉड्यूले आहेत की नाहीत हे ज्ञात नाही, एवढेच झाँ-पियेर सेर यांनी १९५५ साली नमूद केले. पुढे त्यास सर्रास ‘सेर यांचे अनुमान’ म्हणू लागले. टी. वाय. लाम यांच्या १९७८ च्या ग्रंथनामात ‘अनुमान’ आहे, २००६ च्या ग्रंथनामात ‘प्रश्न’ आहे.

रेषीय बीजगणिताच्या भाषेत प्रश्न असा : काही बहुपदींच्या ओळीतील प्रत्येक पदास सुयोग्य बहुपदीने गुणून बेरीज १ येत असेल, तर त्या ओळीखाली आणखी ओळी लिहून निश्चयक १ असलेली चौरस सारणी पुरी करता येईल काय? ओळ (अ, ब) अशी दोनच पदांची असून अक + बख = १ असेल, तर खाली (−ख, क) लिहावे; निश्चयक अक + बख, म्हणजे १ येतो. सिद्धता संपली! तीन पदांपासून मात्र ही युक्ती चालत नाही. वलय बदलल्यास तर उत्तर नकारार्थीही येते. क्ष² + य² + झ² = १ या गोलावरील वास्तव बहुपदी-फलांच्या वलयात (क्ष, य, झ) ही ओळ अट पाळते, पण पुरी होत नाही. तेव्हा प्रश्न पोकळ नव्हता.

एका चलासाठी भागाकाराची रीत पुरते. दोन चलांसाठीचे होकारार्थी उत्तर टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे सी. एस. शेषाद्री यांनी १९५८ साली सिद्ध केले. संस्था तेव्हा अपोलो बंदराजवळील जुन्या यॉट क्लबात होती. त्यांच्या युक्तिवादाचे मर्म असे : एका चलाचे छेद प्रथम मान्य करावेत, म्हणजे मॉड्यूल मुक्त होते, मग ते छेद एकेक अविभाज्य अवयवाने काढून टाकावेत. प्रत्येक पायरीवर त्या अवयवाच्या शेषवलयात १ निश्चयकाची सारणी उद्भवते. ती प्राथमिक सारण्यांचा गुणाकार असते, आणि प्राथमिक सारण्या मूळ वलयात उचलून आणता येतात.

कितीही चलांसाठीची सिद्धता १९७६ साली क्विलेन व सुसलिन यांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे दिली.