कूल (संकल्पना)

'कूल' ही व्यक्ती, वस्तू, ब्रँड किंवा शहर यांच्या आकर्षकतेविषयीची एक सामाजिक संकल्पना आहे. रूढ चाकोरीबाहेर सहजतेने व आत्मविश्वासाने वावरणाऱ्यास हे विशेषण लावले जाते. वजन किंवा आकार यांप्रमाणे हा गुण वस्तूच्या ठायी नसतो. तो पाहणाऱ्यांनी बहाल केलेला असतो. त्यामुळे स्वतःस कूल म्हणवून घेऊन कोणी कूल ठरत नाही.

शब्द व अर्थ

हा शब्द इंग्रजीतून मराठीत आला असून त्याचा मूळ अर्थ 'थंड' असा आहे. 'अनुकूल', 'प्रतिकूल' या शब्दांतील संस्कृत 'कूल' म्हणजे तीर. त्याच्याशी याचा संबंध नाही. क्रिकेटपटू महेंद्रसिंह धोनी यांचे 'कॅप्टन कूल' हे बिरुद डोके थंड ठेवण्याच्या, म्हणजे संयमाच्या अर्थाचे आहे.

इतिहास

कलेतिहासकार रॉबर्ट फॅरिस थॉम्प्सन यांनी १९७३ मधील लेखात या कल्पनेची मुळे पश्चिम आफ्रिकेत दाखवली. योरुबा संस्कृतीत 'इतुतु', म्हणजे शीतलता, हे सच्छील माणसाचे लक्षण मानले जाते. अमेरिकेत वर्णद्वेषाच्या काळात कृष्णवर्णीयांनी अपमानास उघड उत्तर देणे त्यांच्या जिवावर बेतू शकत असे. अशा स्थितीत निर्विकार मुद्रा हे आत्मसन्मान राखण्याचे साधन बनले. जॅझ संगीतकारांमुळे हा शब्द नव्या अर्थाने रूढ झाला. त्याचे श्रेय बहुधा सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग यांना दिले जाते. माइल्स डेव्हिस यांच्या १९४९-५० मधील ध्वनिमुद्रणांचा 'बर्थ ऑफ द कूल' हा संग्रह १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर अनेक श्वेतवर्णीय तरुणांनी ही शैली उचलली; तिच्यामागील धोका मात्र त्यांच्या वाट्यास आला नाही.

व्यक्ती

कॅलेब वॉरन व मार्गारेट कॅम्पबेल यांच्या २०१४ मधील संशोधनानुसार स्वायत्तता हा कूलपणाचा गाभा आहे. परंतु तिला मर्यादा असते. निरर्थक वाटणारा नियम मोडणारा कूल वाटतो. न्याय्य नियम मोडणारा तसा वाटत नाही. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतासह १२ देशांतील जवळपास ६,००० व्यक्तींची मते घेण्यात आली. त्यांच्या दृष्टीने कूल व्यक्ती ही बहिर्मुख, सुखप्रिय, प्रभावशाली, साहसी, नवतेस खुली आणि स्वायत्त असते. परंपरापालन, आपुलकी, कर्तव्यदक्षता आणि शांतपणा हे गुण मात्र 'चांगल्या' व्यक्तीशी अधिक जोडले गेले. याचा अर्थ, ज्या संयमातून हा शब्द जन्मला, तो आज त्याचे प्रमुख लक्षण राहिलेला नाही. तसेच कूल असणे आणि सज्जन असणे या दोन भिन्न गोष्टी ठरतात.

ब्रँड

अमेरिकेत मोठ्या मोटारी प्रतिष्ठेच्या मानल्या जात असताना १९५९ मध्ये फोक्सवॅगनच्या 'थिंक स्मॉल' या जाहिरातीने लहानपणाचेच कौतुक केले. रिकाम्या पांढऱ्या जागेत एक छोटीशी मोटार, एवढेच तिचे चित्र होते. चाकोरी नाकारण्याची वृत्तीच अशा रीतीने विक्रीचे साधन बनली. या प्रक्रियेचा अभ्यास टॉमस फ्रँक यांनी 'द कॉन्क्वेस्ट ऑफ कूल' या १९९७ मधील ग्रंथात केला आहे. ब्रँड आधी एखाद्या लहान गटात कूल ठरतो व नंतर सर्वत्र पसरतो. तो सर्वांकडे पोहोचला, की वेगळेपणाची खूण म्हणून त्याचा उपयोग कमी होतो.

शहरे

१९८९ मध्ये भिंत पडल्यानंतर पूर्व बर्लिनमधील रिकाम्या इमारती व स्वस्त भाडी यांमुळे तेथे कलावंत व टेक्नो संगीताचे क्लब आले. २००३ मध्ये महापौर क्लाउस वोवेराइट यांनी आपले शहर गरीब, पण आकर्षक असल्याचे म्हटले. पुढे मागणीबरोबर भाडी वाढली. २०२० मध्ये शहराने भाड्यांवर मर्यादा घालणारा कायदा लागू केला. २०२१ मध्ये जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने तो रद्द ठरवला. सधन लोकांच्या आगमनाने वस्तीचे रूप पालटून जुने रहिवासी बाहेर लोटले जाणे, या प्रक्रियेस समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास यांनी १९६४ मध्ये लंडनच्या संदर्भात 'जेंट्रिफिकेशन' हे नाव दिले. शहरास कूल बनवणाऱ्यांनाच तेथे राहणे परवडेनासे होते, ही या संकल्पनेवरील एक प्रमुख टीका आहे.