कुत्र्याची भाषा ओळखा!

गडाच्या पायथ्याशी शाळेचे शिबिर पडते. राहुट्या उभ्या राहतात, चूल पेटते, पिठल्याचा वास सुटतो आणि थोड्याच वेळात वाडीतली दोन-तीन कुत्री हजर होतात. कोणी त्यांना भाकरी टाकतो, तर कोणी दगड उचलतो. या दोन्ही गोष्टी चूक आहेत. का बरे?

तेथे पाहुणे आपण असतो. वाडीची, खळ्याची किंवा धनगराच्या मेंढरांची राखण करणे हे त्या कुत्र्यांचे काम. अनोळखी माणूस दिसला की ती भुंकणारच. दगड मारला तर ती अधिकच बिथरतात. भाकरी टाकली तर तिच्यासाठी आपसात भांडतात आणि त्या भांडणात तुमचा हात सापडतो. म्हणून खरकटे राहुटीपासून दूर पुरावे. मेंढरांच्या कळपाजवळून जायचे असल्यास आधी मेंढपाळाला हाक द्यावी.

कुत्रा बोलतो तो सर्व शरीराने. शेपूट हलले म्हणजे कुत्रा खूष, ही समजूत अर्धीच खरी आहे. अंग सैल असून शेपूट ऐसपैस हलत असेल, तर तो मैत्रीच्या मनःस्थितीत असतो. पण शेपूट ताठ उभे राहून नुसतेच थरथरत असेल, अंग ताठरले असेल आणि नजर रोखलेली असेल, तर तो ‘दूर राहा’ असा इशारा समजावा. शेपूट पायांत, कान मागे, वारंवार ओठ चाटणे ही भीतीची लक्षणे होत. घाबरलेला कुत्रा अडचणीत सापडला की चावतो. खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लांजवळच्या कुत्र्याला तर मुळीच हात लावू नये.

कुत्रा अंगावर आला तर? पळू नका! पळणाऱ्याचा पाठलाग करणे ही त्याची उपजत प्रवृत्ती आहे. झाडासारखे स्तब्ध उभे राहा. हात अंगालगत, नजर जमिनीकडे, तोंडातून आवाज नाही. तो शांत झाला की हळूहळू मागे सरका. खाली पडलात तर गुडघे पोटाशी घेऊन हातांनी मान व कान झाका.

आणि चावलाच तर? रेबीजचे विषाणू पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेतून जखमेत शिरतात व मज्जातंतूंमार्गे मेंदूकडे निघतात. या प्रवासाला बहुधा काही आठवडे ते काही महिने लागतात. एकदा लक्षणे दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. परंतु त्याआधी उपचार झाले तर रोग टळतो. १८८५ साली लुई पाश्चर यांच्या लशीने जोसेफ मायस्टर हा नऊ वर्षांचा मुलगा वाचला, तो यामुळेच.

म्हणून जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. या विषाणूचे बाह्य आवरण स्निग्ध पदार्थाचे असते व ते साबणाने नष्ट होते. जखमेवर हळद, चुना किंवा तिखट लावू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. जखमेतून रक्त आले असेल तर लशीबरोबर जखमेतही वेगळे औषध टोचावे लागते. नुसता ओरखडा असला तरी डॉक्टरांना दाखवाच.

पूर्वी पोटात टोचल्या जाणाऱ्या इंजेक्शनांची धास्ती असे. आज लस दंडात आणि मोजक्याच वेळा टोचतात. तेव्हा सुईच्या किंवा रागावण्याच्या भीतीने चावा लपवू नका. गुरुजींना किंवा बाईंना ताबडतोब सांगा. आणि एखादा मित्र लपवत असेल, तर त्याच्या वतीने तुम्ही सांगा.