वेगवान निकाल आणि खरी कसोटी

मोठ्या आतड्याचा कर्करोग शरीरात अन्यत्र पसरला असता सेटुक्सिमॅब आणि पॅनिट्युमुमॅब ही महागडी औषधे काही रुग्णांना उपयोगी पडतात. मात्र गाठीतील केरास अथवा एनरास जनुकात बदल झालेला असल्यास त्यांचा लाभ होत नाही, हे २००८ नंतरच्या संशोधनातून स्पष्ट झाले. सुमारे निम्म्या रुग्णांत असा बदल आढळतो. म्हणूनच औषध ठरविण्यापूर्वी गाठीची जनुकीय चाचणी आवश्यक ठरते.

प्रचलित पद्धतीत गाठीच्या तुकड्यातून डीएनए वेगळा काढून तपासावा लागतो. त्यास कुशल हात आणि अनेक दिवस लागतात. बेल्जियममधील बायोकार्टिस कंपनीच्या इडिला यंत्रात गाठीचा पातळ काप एका बंद डबीत ठेवला की पुढील सर्व क्रिया आपोआप होऊन सुमारे दोन तासांत निकाल मिळतो.

परंतु वेग म्हणजे विश्वासार्हता नव्हे. अशा यंत्राचे मूल्यमापन करताना तेच नमुने जुन्या पद्धतीनेही तपासतात, आणि जेथे मतभेद होतो तेथे तिसऱ्या पद्धतीचा कौल घेतात. येथे हिशेब बारकाईने पाहावा लागतो. समजा, १०० नमुन्यांपैकी ५० मध्ये बदल आहे आणि ९५ निकाल जुळले. आकडा उत्तम वाटतो. पण चुकलेले पाचही बदल असलेल्यांपैकीच असतील, तर दर दहा बाधित नमुन्यांमागे एक निसटला. त्या रुग्णाला निरुपयोगी औषधाचा खर्च आणि त्रास दोन्ही सोसावे लागतील. उलट चूक झाल्यास गुणकारी औषध नाकारले जाईल.

यंत्राला मर्यादाही आहेत. ठरावीक यादीतील बदलच ते ओळखते. तुकड्यात कर्करोगाच्या पेशी फार थोड्या असल्यास निकाल फसवा ठरू शकतो. म्हणून काप आधी रोगनिदानतज्ज्ञाने पाहणे अनिवार्य आहे.

आणखी एक गैरसमज दूर व्हावा. केरासमधील हा बदल गाठीपुरता असतो. तो मुलाबाळांत उतरत नाही. आनुवंशिक कर्करोगाची तपासणी निराळी असते. त्यामुळे या अहवालाच्या आधारे घरातील कोणाच्या विवाहसंबंधाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही.

अहवाल हाती येताच कुटुंबाने डॉक्टरांना तीन प्रश्न अवश्य विचारावेत: कोणते बदल तपासले? नमुन्यात कर्करोगाच्या पेशी पुरेशा होत्या का? निकाल 'नाही' आला, तर अधिक व्यापक चाचणीची गरज आहे का? औषधाचा निर्णय या उत्तरांवर अवलंबून असतो.