दोन मिलिलिटरची पारख

फाउंटन पेनची शाई घेताना माणूस आधी रंग बघतो, आणि नेमकी तीच गोष्ट दुकानात किंवा मोबाइलच्या पडद्यावर नीट कळत नाही. शाईचा रंग बाटलीत ठरत नाही, कागदावर ठरतो. निब किती ओली चालते, कागद शाई किती पितो, लिहिलेले वाळायला किती वेळ मिळतो, या सगळ्यांतून जे शेवटी दिसते त्याला आपण रंग म्हणतो. जपानच्या सेलर कंपनीने ‘इंक स्टुडिओ’ या मालिकेत शंभर रंग आणले. त्यातला ‘१२३’ नावाचा रंग जगभर गाजला तो याच कारणाने. एका कागदावर तो नुसता राखाडी दिसतो, दुसऱ्यावर त्याला हिरवट झाक येते, तिसऱ्यावर जांभळट. कधी तर एकाच शब्दात या तिन्ही छटा दिसतात. या शाईचा खरा रंग कोणता, असे विचारले तर उत्तर देता येत नाही. तुमच्या वहीवर ती कशी दिसेल एवढेच विचारता येते, आणि ते तिथे लिहूनच कळते. म्हणून ५० मिलिलिटरच्या बाटलीला हात घालण्याआधी दोन मिलिलिटरचा नमुना घ्यावा, हे शौकिनांचे म्हणणे मला पटते. पण त्याच नमुन्यांची दरमहा वर्गणी भरणे ही वेगळीच गोष्ट आहे. बाहेरून ती नमुन्याची पुढची पायरी वाटते. प्रत्यक्षात ती नमुन्याच्या हेतूवरच पाणी फिरवते.

थोडीशी शाई विकणे आपल्याकडे नवे नाही. दिगंबर परशुराम दांडेकर यांनी १९३१ साली मुंबईत ‘हॉर्स ब्रँड’ नावाने शाईची पूड आणि वड्या विकायला सुरुवात केली. पुढची ‘कॅमलिन’ त्यातूनच उभी राहिली. वडी पाण्यात विरघळवायची आणि हवी तेवढी शाई करायची. स्टेशनरीच्या दुकानात काही पैसे देऊन ड्रॉपरने पेन भरून मिळे, तीही बाटलीविना घेतलेली शाईच. पण तेव्हा शाई थोडी घेतली जाई ती खिशात पैसे थोडे म्हणून. निवडायला निळी, काळी आणि फार तर लाल किंवा हिरवी. आज १८६४ साली स्थापन झालेल्या आणि आता लिव्हरपूलमध्ये असलेल्या डायमाइन या एकाच कंपनीचे शंभराहून अधिक रंग मिळतात. निवड एवढी फुगल्यावर दुकानदारच मोठ्या बाटलीतून छोट्या कुप्या भरून विकू लागले. अमेरिकेतल्या व्हर्जिनियातील गुले पेन कंपनीने ही पद्धत बरीच रूढ केली, आणि दोन मिलिलिटर हे जवळपास प्रमाण माप झाले. मग शाई करणाऱ्यांनीही मापे उतरवली: पायलटची ‘इरोशिझुकु’ ५० मिलिलिटरसोबत १५ मिलिलिटरच्या बाटलीतही आली, डायमाइन ८० सोबत ३० मिलिलिटरची बाटली देते.

दोन मिलिलिटर म्हणजे किती? शाईची छोटी आंतरराष्ट्रीय मापाची काडतुसे पाऊण मिलिलिटरच्या आसपास शाई घेतात, आणि पिस्टन फिरवून भरायच्या साध्या नळीतही एक मिलिलिटरपेक्षा फारशी जास्त मावत नाही. म्हणजे एका नमुन्यात पेन दोनेकदा भरते. हे कमी वाटेल, पण रंग पाहण्यापलीकडे जे तपासायचे त्याला तेवढे पुरते, आणि माझ्या मते तपासायचे ते रंगापलीकडचेच असते. शाई म्हणजे बहुतांश पाणी. त्यात रंगद्रव्य, ती निबीवर लगेच सुकू नये म्हणून ग्लिसरीनसारखा पदार्थ, कागदावर आणि पेनच्या जिभेतून नीट वाहावी म्हणून पृष्ठताण कमी करणारा घटक, आणि बुरशी धरू नये म्हणून जंतुनाशक. या चार गोष्टींचे प्रमाण बदलले की शाईचा स्वभाव बदलतो. वाहती शाई कोरड्या निबीला जीव देते, पण स्वस्त कागदावर फुटते आणि पाठच्या पानावर उमटते. सावकाश वाळणारी शाई सुंदर छटा दाखवते, पण डावखुऱ्या माणसाचा तळहात आणि वही दोन्ही रंगवते. हे कुठल्याही रंगपट्टीवर छापलेले नसते.

तपासणी कंटाळवाणी असली तरच ती खरी. नमुना स्वच्छ धुतलेल्या पेनमध्ये भरावा. धुतल्यावर जिभेत अडकलेले पाणी पहिल्या पानाचा रंग फिका करते, म्हणून त्या पानावरून निकाल देऊ नये. रोजच्या वहीवर, रोजच्या घाईत लिहावे. दोन ओळींवर पाण्याचा थेंब टाकून ठेवावा आणि वाळल्यावर काय वाचता येते ते पाहावे. पावसाळ्यात टपालाने पत्र पाठवणाऱ्याला किंवा प्रयोगवही लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला यातच सगळे उत्तर मिळते. एक कागद अर्धा झाकून उन्हाच्या खिडकीत ठेवावा. गुलाबी-जांभळ्या छटांतल्या अनेक शाया अशा उन्हात बघता बघता उडतात. पेन आठवडाभर तसेच ठेवून पुन्हा चालते का बघावे, आणि शेवटी ते धुवायला किती पाणी लागते तेही. टीपकागदावर एक थेंब टाकून वर पाणी सोडले की काळी म्हणून घेतलेली शाई निळ्या, लाल आणि पिवळ्या कड्यांत सुटी होते, हा घरातल्या मुलांसाठी फुकटचा विज्ञानप्रयोग. यातल्या काही गोष्टींना दिवसच लागतात. लोहयुक्त शाई, म्हणजे फेरस क्षार आणि टॅनिनयुक्त आम्ल यांची जुनी जोडी, लिहिताना निळसर असते आणि हवेतल्या प्राणवायूने हळूहळू काळवंडते. जर्मनीतल्या रोरर अँड क्लिंगनर कंपनीची ‘सॅलिक्स’ ही अशीच शाई आहे. ती भरल्या दिवशी पाहून पसंत करणारा माणूस वेगळ्याच शाईला हो म्हणत असतो.

आता आक्षेप. पहिला पैशाचा: नमुन्यात मिलिलिटरमागे किंमत फार पडते. पडते, हे खरे आहे. समजा ५० मिलिलिटरची परदेशी बाटली २,००० रुपयांना आणि दोन मिलिलिटरचा नमुना १५० रुपयांना मिळतो. बाटलीत मिलिलिटरला ४० रुपये, नमुन्यात ७५. पण चार नमुने बघून एक योग्य बाटली घेतली तर खर्च २,६०० होतो. अंदाजाने दोन बाटल्या घेतल्या आणि एक कपाटात गेली तर ४,०००. मिलिलिटरचा भाव सगळी शाई संपवणाऱ्यासाठी खरा असतो. आठवड्याला एक मिलिलिटर लिहिणारा माणूस, आणि हेही आजच्या काळात बरेच लिहिणे झाले, ५० मिलिलिटरला जवळजवळ वर्षभर पुरवतो. न आवडलेल्या शाईचे वर्ष फार लांब असते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: नमुना म्हणजे बाटली नव्हे. चमकदार कण घातलेल्या शायांत, उदाहरणार्थ एर्बॅच्या ‘१६७० एमराल्ड ऑफ शिव्होर’मध्ये, ते कण तळाशी बसतात, बाटली न हलवता कुपी भरली तर ग्राहकाच्या हाती नुसती हिरवट शाई येते, आणि तळातली भरली तर नुसती चकाकी. प्लॅस्टिकच्या कुपीतून पाणी हळूहळू उडते, शाई दाट होते आणि बाटलीतल्यापेक्षा गडद दिसते. म्हणून जुना नमुना बघून घेतलेली बाटली फिकी निघू शकते. यावर माझ्याकडे खंडन नाही. नमुना ताजा असावा, भरल्याची तारीख त्यावर असावी आणि तो मिळाल्यावर लगेच वापरावा.

आणि हा ‘लगेच’च वर्गणीला अडचणीत आणतो. गुले कंपनीची ‘इंक ड्रॉप’ ही वर्गणी शौकिनांत चांगलीच प्रसिद्ध होती: दरमहा एखादी कल्पना धरून निवडलेल्या पाच शायांचे नमुने घरपोच. कल्पना लोभसवाणी आहे. पण एका शाईला वर सांगितल्यासारखे जेमतेम दोन आठवडे दिले तर वर्षात २६ शाया तपासून होतात आणि घरात येतात ६०. उरलेल्या ३४ कुप्या वाळत बसतात, आणि पुढचा महिना त्यांची वाट बघत नाही. मग माणूस तपासणी सोडतो: कापसाच्या काडीने पट्टी ओढतो, खाली नाव लिहितो, संपले. म्हणजे ज्या रंगपट्टीवर विश्वास ठेवायचा नाही म्हणून नमुना घेतला, तीच तो घरी तयार करू लागतो. डायमाइनने २०१९ साली ‘इंकव्हेंट’ काढले. ख्रिस्ती घरांत डिसेंबरात नाताळपर्यंत रोज एक खिडकी उघडायची आणि आतली चॉकलेट खायची दिनदर्शिका असते, तिच्या धर्तीवर पंचवीस खिडक्यांमागे पंचवीस शाया. त्या वर्षी सात मिलिलिटरच्या चोवीस बाटल्या आणि एक तीस मिलिलिटरची, एकूण १९८ मिलिलिटर. २०२१च्या लाल आवृत्तीत छोट्या बाटल्याच बारा मिलिलिटरच्या होत्या: एकूण ३१८. आठवड्याला एक मिलिलिटर लिहिणाऱ्याला ही सहा वर्षांची शाई झाली, आणि पुढच्या डिसेंबरात नवी पेटी हजर. माप लहान केले म्हणजे खरेदी लहान होते असे नाही.

यावर म्हणता येईल की सगळे हिशेबाने कशाला बघायचे? कोणी टपाल तिकिटे जमवतो, कोणी शाया. मान्य, जमवणाऱ्याशी माझे भांडण नाही; पेटी उघडण्याची मजा हीच त्याची खरेदी आहे आणि ती त्याला पुरेपूर मिळते. वर्गणीचा एक गुण तर मी बिनशर्त मान्य करतो. स्वतः निवडणारा माणूस निळ्यातून गडद निळ्यात आणि तिथून निळ्या-काळ्यात फिरत राहतो. त्याने कधी मागवला नसता असा विटकरी किंवा मेंदीसारखा रंग दुसऱ्याने निवडला म्हणून त्याच्या पेनमध्ये जातो, आणि कधी कायमचा राहतो. डायमाइनने २०१९च्या पेटीतल्या शाया नंतर ५० मिलिलिटरच्या बाटल्यांत आणल्या, त्याअर्थी अशा अनपेक्षित भेटींतून गिऱ्हाईक तयार होते हे कंपनीलाही दिसले असावे. पण हा गुण तीन-चार महिन्यांत काम करून मोकळा होतो. तेवढे महिने घ्यावी आणि बंद करावी. न बंद केलेल्या वर्गणीवरच हा धंदा चालतो.

आपल्याकडच्या वाचकासाठी काही गोष्टी वेगळ्या आहेत. कॅमलच्या शाईची अख्खी बाटली शंभर रुपयांच्या आत मिळते. तिचा नमुना शोधणे हास्यास्पद ठरेल, बाटलीच घ्यावी. महागड्या आयात शाईसाठी नमुना घ्यावा, आणि तो ड्रॉपरने थेट नळकांड्यात भरायच्या भारतीय पेनमध्ये ओतू नये. त्या पेनांत दोन-तीन मिलिलिटर सहज मावते, त्यामुळे नमुना एका भरण्यात संपतो. शिवाय पेन अर्धे रिकामे राहिले की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि निबीतून शाईचा थेंब कागदावर पडतो. नमुन्यासाठी पिस्टनची नळी असलेले स्वस्त पेन वेगळे ठेवावे, किंवा नुसता टाक बुडवून लिहावे. चित्रकलेची जलरोधक काळी शाई मात्र नमुना म्हणूनही फाउंटन पेनमध्ये घालू नये, कारण तिच्यातला लाखेसारखा बंधक सुकला की जीभ कायमची बुजते. आणि दोन नमुन्यांची उरलीसुरली शाई एकत्र करायचा मोह टाळावा. नूडलर्सच्या ‘बेस्टेट’ मालिकेतल्या शाया इतर शायांत मिसळू नका, असे खुद्द कंपनीच सांगते. आम्लधर्मी आणि अल्कधर्मी शाया एकत्र आल्या तर गाळ धरू शकतो, तो पेनच्या आत.

वर्गणीला सगळ्यात सोपा पर्याय शेजारीच असतो. चार जणांनी मिळून ८० मिलिलिटरची एक बाटली घेतली तर प्रत्येकाच्या वाट्याला वीस मिलिलिटर येते, बाटलीच्याच भावात. आणि चौघांचे पेन, कागद, हात वेगवेगळे असल्याने एका शाईची चार मते होतात, जी कुठल्याही पेटीत मिळत नाहीत. वाटणी करताना प्रत्येक कुपी भरण्याआधी बाटली हलवावी, प्रत्येक शाईला ड्रॉपर वेगळा ठेवावा आणि प्लॅस्टिकपेक्षा घट्ट झाकणाची काचेची कुपी घ्यावी. होमिओपॅथीच्या औषधांच्या दुकानात ती स्वस्तात मिळते.